आईच्या वाट्याचं कार्ड

हर्सूल,
६ ऑक्टोबर २०२५

सोनादादा,

आईच्या गालातली जखम कॅन्सरची आहे. तुकडा काढून तपासायला दिला होता. त्याचा अहवाल शनिवारी आला आणि डॉक्टरांनी तो माझ्यासमोर वाचला. ऑपरेशन करावं लागेल. वेळेत कळलंय, असं म्हणाले.

माझा फोन तू उचलत नाहीस. द्वारकावहिनी उचलतात आणि "ते रानात गेल्यात" म्हणतात. जेवायच्या वेळेलाही तू रानातच असतोस. म्हणून पत्र लिहितेय. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

एप्रिलमध्ये तू मेंढरं घेऊन गोदावरीकडं गेला होतास, तेव्हा मी जीप आणून आईला आणि आपल्या पाठच्या कडूला इथं घेऊन आले. सुगंधीनं माझ्या घरातली माणसं चोरून नेली, असं तू गावात सांगतोस, ते माझ्यापर्यंत येतं. त्या दिवशी कडूला फिटवर फिट येत होती. वहिनी घरात एकट्या होत्या आणि फोन त्यांनीच केला होता. त्यांनी हे तुला सांगितलंय का, मला माहीत नाही. सांगितलं नसेल तर त्यांच्यावर ओरडू नकोस. या गोष्टीवर मला आज वाद घालायचा नाही.

काम असं आहे. सत्तरीच्या पुढच्या माणसांचं आयुष्मानचं कार्ड असतं, वय वंदना म्हणतात ते, तू आईला जानेवारीत ग्रामपंचायतीच्या शिबिरात काढून दिलं होतंस. ते कार्ड हवं आहे. हॉस्पिटलात योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसतो. तो म्हणाला, त्या कार्डावर तपासण्या, ऑपरेशन, नंतरची किरणं, सगळं होईल, घरून काही घालावं लागणार नाही. आईला विचारलं तर म्हणते, "सोनाकडं हाय." काकासाहेब कांद्याचा टेम्पो घेऊन इकडं येतात. त्यांच्याकडं दिलंस तरी मला मिळेल.

तुला वाटेल, हिला शाळेत सरकारी नोकरी, मग आईला तिथल्या औषधपाण्याच्या सवलतीत का नाही घेत. बायकांना आमच्यात आईवडील किंवा सासूसासरे, एकच जोडी लिहिता येते. माझ्याकडून लग्नानंतर सासूसासरे लिहिले गेले. तेव्हा आई धडधाकट होती, तुझ्याकडं होती.

कडू बरा आहे. तलावाच्या बाजूला शेळ्या येतात, दिवसभर त्यांच्याकडं बघत बसतो. जेवायला मात्र अजून आईच्याच हाकेनं येतो. ती ओट्यावर उभी राहून सांजच्याला मेंढरं परतवायची हाक देते, मग हा पाय ओढत ताटावर येतो. नुसतं नाव घेऊन बोलावलं तर ढिम्म हलत नाही. एकदा मी तशी हाक देऊन पाहिली. बसल्या जागी हसायला लागला. आई म्हणाली, "तुझ्या हाकंनं कोकरू बी यायचं नाय. हास्टेलात शिकलेली हाक हाय ती."

कार्ड पाठव.

सुगंधा

•

हर्सूल,
१३ ऑक्टोबर २०२५

सोनादादा,

कार्ड आईजवळच होतं. तुझा निरोप काकासाहेबांनी दारात उभं राहून जसाच्या तसा सांगितला: "तिला म्हणावं, आईचा बटवा हुडक. माझ्या घरावर कशाला धाड घालती?" सांगताना बिचारे ओशाळले होते. मी त्यांना चहा दिला आणि आई आंघोळीला गेल्यावर बटवा उघडला. सुपारी, मिसरीची डबी, आणि खाली रुमालात गुंडाळलेलं कार्ड. कोपरासुद्धा दुमडला नव्हता.

आई आली. मी कार्ड तिच्यापुढं ठेवलं.

"हे सोनाकडं होतं ना?"

"ठिव ते जाग्यावर."

"आई, ह्याच्यावर तुझं ऑपरेशन होणार हाय."

"माजं कशाला? कडूचं हाय ते."

"तुझं नाव हाय. तुझा फोटो हाय."

"फोटू माजा. वाटा कडूचा. सोनानं दिलं तवा काय म्हनला? ह्यात पाच लाख हायती, तुज्या अन् कडूच्या वाट्याचे, जपून ठिव. मी जपलं. आता तू मोडाया निघाली."

दादा, तू असं म्हणाला होतास का? म्हणाला असशील तर चांगल्या मनानंच म्हणाला असशील. शिबिरातल्या माणसानं तुला पाच लाख एवढंच सांगितलं असणार आणि तू तिला कळेल अशा शब्दांत दिलंस. आपल्याकडं वाटा म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला कळतं?

आपले वडील गेल्यावर चुलत्यांशी वाटणी झाली तेव्हा तू आईच्या आणि कडूच्या मेंढ्या वेगळ्या काढल्या होत्यास. कानामागं निळा रंग लावलेल्या. दुष्काळात तू स्वतःच्या विकल्यास आणि निळ्यातल्या दोन विकू का म्हणून तिला विचारलंस. तिनं काय सांगितलं होतं आठवतं? कडूला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. स्वतः भाकरीवर मीठ घेऊन दिवस काढले, पण निळी मेंढी बाजारात जाऊ दिली नाही. हे कार्ड तिला तशीच एक मेंढी वाटते. एकदा विकली की गेली.

आता काही गोष्टी मला उलट्या क्रमानं कळताहेत. पावसाळाभर ती भाकरी दुधात कुस्करून खात होती. दात हलतोय म्हणायची. दातांच्या डॉक्टरकडं चल म्हटलं की तिच्या अंगात बळ यायचं, अंगण झाडायला घ्यायची. मला वाटलं म्हातारी तरतरीत झाली. जखम तिला माहीत होती. दवाखान्यात गेलं की कार्ड निघेल, आणि कार्ड निघालं की कडूचा वाटा मोडेल, हेही तिला माहीत होतं.

तरी शनिवारी तिला नेलं. डॉक्टर तरुण आहेत, बोलायला चांगले. त्यांनी विचारलं, "आजी, मिसरी कधीपासून लावता?"

"तुज्या आईचं लगीन व्हायच्या आदीपासून."

"आता सोडावी लागेल."

"तू दाढी राख आदी, मंग सांग."

खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. मग योजनेच्या खिडकीवर गेलो. तिथं कार्ड दाखवायचं आणि चेहरा मशीनसमोर धरायचा, म्हणजे माणूस तोच आहे याची खात्री होते. आईनं पदर असा ओढला की फक्त नाक दिसत होतं. आरोग्यमित्र म्हणाला, "आजी, पदर थोडा मागं घ्या." ती म्हणाली, "परक्या मानसाम्होरं पदर घेतल्यालाच बरा." साठ वर्षं उघड्या रानात मेंढरामागं हिंडलेली बाई! मागं रांग वाढत गेली. शेवटी तो हळू आवाजात मला म्हणाला, "ताई, त्यांची मर्जी नसेल तर मला पुढं काही करता येत नाही."

रिक्षात तिनं कार्ड माझ्या हातातून काढून बटव्यात घातलं. उतरताना एवढंच म्हणाली, "माज्यामागं त्याचं कोन करनार, तू? तुजी सासू करू देईल?"

माझी सासू आत होती. तिला ऐकू आलं असेल.

तुझ्याकडं कडूचं दिव्यांग प्रमाणपत्र आहे, वैजापूरला काढलेलं. ते पाठव. का, ते पुढच्या पत्रात लिहिते. अजून मलाच नीट कळलेलं नाही.

सुगंधा

•

हर्सूल,
२० ऑक्टोबर २०२५

सोनादादा,

कडूचा अर्ज आज गेला. दिव्यांग मुलांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिथल्या बाईंनी दुपारी फोन करून तसं सांगितलं. तू प्रमाणपत्र पाठवलंस, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, वर सुतळीची गाठ. चिठ्ठी नव्हती. गाठ तुझीच होती, सुटता सुटेना.

मला जे कळलंय ते लिहिते. आईनं तुला विचारलं तर तुला माहीत असायला हवं.

कव्हर तीन आहेत आणि तिन्ही वेगळी. एक घराचं. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान आता एकत्र चालतात. रेशनकार्डावर जेवढी नावं, तेवढ्यांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज. आईचं आणि कडूचं नाव अजून तुझ्याच रेशनकार्डावर आहे. ते मी काढलेलं नाही, काढणारही नाही. दुसरं आईचं एकटीचं, सत्तरीच्या पुढचं. त्यातला तिचा इलाज घराच्या पाच लाखांतून वजा होत नाही. म्हणजे तिनं ते सगळं वापरलं तरी कडूचं काही कमी होत नाही. आणि तिसरं निरामय. जन्मापासून ज्यांच्या मेंदूला इजा आहे, जसा आपला कडू, त्यांच्यासाठी वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात नेहमीच्या तपासण्या आणि औषधंही येतात, फिटच्या गोळ्यासुद्धा. त्याची बिलं मात्र आधी आपण भरायची आणि मग मागायची. दरवर्षी नव्यानं करावं लागतं.

सगळ्यात मोठी गोष्ट अशी की हे पैसे नाहीत. कुणाच्या हातात येत नाहीत. वापरले नाहीत तर पुढच्या वर्षाला साठत नाहीत. माणूस गेलं तर मागच्यांना मिळत नाहीत. आई जे राखून ठेवतेय, ते राखून ठेवता येण्यासारखं नाहीच.

हे मी तिला रोज सांगते. कणगीचं उदाहरण दिलं, बँकेचं दिलं. शाळेत पोरांना शिकवते तसं तीन डबे मांडून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डबे चांगले हायती. आनले कुठून?" मग म्हणाली, "सुगंधे, सरकार का मला मरायच्या टायमाला पाच लाख देतं, अन् नाय घेतले तर परत नेतं? आसं कोन करतं का? तू साळा शिकली, पर वाटनी नाय बघितली कदी."

निरामयचं सांगितलं तर तिचे डोळे जरा हलले. "त्याचं येगळं हाय?" "व्हय, येगळं." "कोन म्हनलं?" "संस्थेच्या बाई." "सोनाला म्हाईत हाय?"

मी म्हटलं, त्याला लिहिते. तेव्हा ती म्हणाली, "सोनानं वाटा दिला. मोडायचा का नाय, त्ये बी सोनाच सांगंल."

आता जे मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं ते दुरुस्त करते. "वेळेत कळलंय" हे शब्द डॉक्टरांचे नव्हते, माझे होते. डॉक्टर म्हणाले होते, "आता आणखी थांबू नका." जखम जबड्याला लागली आहे. तोंड उघडणं कमी होत चाललंय. आज तिला कसाबसा चमचा जातो. तोंड असंच मिटत गेलं तर भूल देता येईल का नाही, हे पुढच्या आठवड्यात ठरेल. त्यानंतर ऑपरेशनला अर्थ राहील का, असं मी विचारलं. त्यांनी कागद आवरायला घेतले.

दिवाळी झाली की तू मेंढरं घेऊन निघशील. वहिनी म्हणाल्या, यंदा लांब जाणार, पैठणच्याही खाली. एकदा गेलास की तू कुठल्या शिवारात आहेस हे शोधायचं कुणी?

दादा, तू ये. माझ्याशी बोलू नकोस. पाहिजे तर त्या वेळेला मी घरात थांबणार नाही. माझ्या घरचं पाणी प्यायचं नसेल तर बाटली बरोबर आण. एप्रिलचं जे काय आहे ते तसंच राहू दे, मी मिटवायला बोलवत नाहीये. मी तिला सगळं खरं सांगितलं आणि तिला ते पटलं नाही. तुझ्या तोंडून तेच ऐकलं तर पटेल. दुसरं काही नाही.

भाऊबीज गुरुवारी आहे. त्यासाठी ये असं म्हणत नाही.

सुगंधा

•

हर्सूल,
२८ ऑक्टोबर २०२५

सोनादादा,

आईच्या ऑपरेशनला योजनेची मंजुरी आली. आरोग्यमित्रानं आज सकाळी कळवलं. शुक्रवारी पहिलाच नंबर तिचा. गुरुवारी दाखल करायचं आहे.

हे पत्र काकासाहेबांच्या हाती देतेय, पोस्टानं गेलं तर तू निघून गेलेला असशील.

रविवारी तू आलास ते मी तुझ्या आधी कडूकडून ओळखलं. मी आत पीठ मळत होते. फाटकाबाहेरून मेंढरं परतवायची हाक आली, आणि हा तलावाकडं तोंड करून बसलेला, असा उठला की पाट उलटा झाला. एवढ्या महिन्यांत त्याला इतकं जोरात चालताना मी पाहिलं नव्हतं. तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास, मग आईच्या खोलीत गेलास. मी थांबणार नाही म्हणून लिहिलं होतं. पण मी गेले नाही. दाराआड उभी होते. तुला दिसले असेन. माझ्या साडीचा काठ तुझ्या बाजूला होता.

तू तिला कव्हर म्हणाला नाहीस, योजना म्हणाला नाहीस. म्हणालास, "आई, माझी चूक झाली. मी तुला मेंढी म्हनून दिली. ती मेंढी नाय, लोकर हाय."

आई म्हणाली, "म्हंजे?"

"कातरली का परत येती. दर साली. अन् नाय कातरली तर काय दुप्पट व्हती का? बाभळीला लागून जाती सगळी. तू आक्खं साल लोकर तशीच ठिवली."

तिनं बटवा मांडीवर घेतला. मग विचारलं, "अन् कडूची?"

"त्याची येगळी. त्याच्या आंगावर हाय. तुझी कातरली म्हनून त्याची कशी कमी व्हईल?"

"मंग आदी का नाय सांगितलं, मुडद्या?"

"मला तरी कुठं ठावं व्हतं? सुगंधीनं लिव्हलं, मंग कळलं."

माझं नाव तू घेतलंस. सहा महिन्यांनी. माझ्यासमोर नाही, पण घेतलंस.

आई म्हणाली, "बोलीव मंग तुज्या कातरनाऱ्याला. पर म्हनावं, हात हालका ठिव. म्हातारी मेंढी हाय." आणि हसायला गेली, तेव्हा तोंड दुखून तिनं गाल धरला. तू खाली बघितलंस.

मी केलेला चहा तू घेतला नाहीस. वाटीतलं पाणी मात्र घेतलंस, आईनं दिलं म्हणून. ते मीच भरून ठेवलं होतं.

सोमवारी तिनं मशीनसमोर आपण होऊन पदर मागं घेतला. आरोग्यमित्राला म्हणाली, "बघ नीट. मीच हाय."

आता तुला जे माहीत नाही ते. तू गेल्यावर, सोमवारीच, डॉक्टरांनी स्कॅन बघितला. मानेतल्या गाठींतही आलंय. ऑपरेशन होणार, पण मोठं. खालचा जबडा एका बाजूनं काढतील, जिभेचाही भाग जाईल. नाकातून नळी राहील. बोलणं येईल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, काही महिने तरी नाही, आणि नंतर आलं तरी आधीसारखं नाही. किती दिवस मिळतील हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. जानेवारीत, कार्ड हातात आलं तेव्हाच आली असती तर, हेही होतं. दोन्ही मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

आईला हे त्यांनी स्वतः सांगितलं. जबड्याचं ऐकून घेतलं. बोलता येणार नाही म्हटल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं आणि एकच विचारलं, "मंग कडूला हाक कोन देनार?"

काल सांजच्याला ती ओट्यावर मला शेजारी उभी करून शिकवत होती. पोटातून काढ, घशातून नाय. शेवटाला आवाज उचल. मी दिली. कडू हसला. पुन्हा दिली. तो तलावाकडं वळून बसला. तिसऱ्यांदा आईनं स्वतः दिली, अर्ध्या उघडलेल्या तोंडानं, आवाज फाटलेला होता. तरी तो उठला. तिचं जेवण चमच्यानं तासभर चालतं, पण त्याचं ताट तिनं आधी बघितलं. भात संपला का, भाजी ठेवली का.

मोबाइलवर तिची हाक भरून घ्यावी असं माझ्या मनात आलं. घेतलीही. लावली तर कडू फोन उचलून त्याच्या मागं काय आहे ते बघत राहिला, मग ओट्याखाली शोधायला गेला. ताटावर आला नाही. मी ती पुसून टाकली.

वहिनींनी सांगितलं, मेंढरं गुरुवारी निघणार. चारा इथला संपला, तुझाही इलाज नाही, ते मला कळतं. मेंढरांमागं चुलत्याचा मुलगा राहू शकतो का, हे तुझं तू बघ. मी काही सांगायचं नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही रिक्षानं निघू. शुक्रवारी तिला आत नेतील. त्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला कडू तलावाकडं तोंड करून बसलेला असेल आणि ताट वाढलेलं असेल. मी हॉस्पिटलात असेन, म्हणजे माझ्याशी बोलायची वेळ तुझ्यावर येणार नाही. माझ्या सासूबाई घरी असतील. त्यांना मी सांगून ठेवलंय, फाटकाला कडी लावू नका, बाहेरून हाक येईल.

सुगंधा